शेवटच्या माणसाच्या चालीने

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



रविवार आला की घरात एक प्रश्न येतोच. आज कुठे जायचं? मग कुणी म्हणतं सिनेमा, कुणी म्हणतं मॉल, कुणी म्हणतं, कुठंच नको, झोपू द्या. आज मी तुम्हाला आणखी एक जागा सुचवणार आहे. ती नवी नाही, लांब नाही आणि महागही नाही. मुंबईत बोरिवली स्टेशनच्या पूर्वेला उतरलात की चालत जाण्याइतक्या अंतरावर संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचं फाटक आहे. त्या फाटकाच्या आत सुमारे १०४ चौरस किलोमीटर जंगल आहे. एका बाजूला मुंबईची उपनगरं, दुसऱ्या बाजूला ठाणं आणि मधोमध डोंगर, दऱ्या, ओढे, तळी आणि बिबटे. इतकं मोठं जंगल शहराच्या पोटात असलेली शहरं जगात फार थोडी असतील.

या जंगलात घरच्या सगळ्यांना घेऊन पायी कसं फिरावं, हा आजचा विषय. मी काही गिर्यारोहक नाही. कविता लिहिणारा माणूस आहे. चालण्याबद्दल मला जे कळलं ते एका चुकीतून कळलं. म्हणून आधी ती चूक सांगतो.

२००३ सालचा मार्च महिना होता. मी पस्तिशीत होतो आणि पायांत भलतीच रग होती. माझ्या अम्माच्या मनात बरीच वर्षं कान्हेरीच्या लेण्या बघायच्या होत्या. तिच्या तरुणपणी आमची शेजारीण तिथं जाऊन आली होती आणि डोंगरात कोरलेल्या घरांची गोष्ट तिनं अम्माला सांगितली होती. अम्मा दर वर्षी म्हणायची, एकदा ती दगडातली घरं दाखव. त्या रविवारी मी म्हटलं, चला. अम्मा, माझी बायको, आठ वर्षांची मुलगी आणि मी असे चौघे निघालो. निघता निघता दहा वाजले. फाटकापासून लेण्यांपर्यंत चांगली पाच-सहा किलोमीटरची डांबरी सडक आहे आणि आत जायला बसही मिळते. बायको म्हणाली, बसनं जाऊ. मी म्हटलं, जंगलात येऊन बसमध्ये काय बसायचं? चालू या.

सगळ्यांत मिळून पाण्याची एक बाटली होती. मुलीच्या पायांत ईदेला घेतलेल्या नव्याकोऱ्या सॅंडल होत्या. ऊन माथ्यावर आलं होतं. आणि मी पुढे. दर वळणावर थांबायचो, हात हलवायचो, 'आलंच आता' म्हणायचो आणि ते तिघं जवळ आले की लगेच पुन्हा चालायला लागायचो. यात एक गंमत असते, श्रोतेहो. पुढे चालणारा माणूस थांबतो तेव्हा त्याची विश्रांती होते. मागचा माणूस तिथवर पोहोचतो तेव्हा पुढच्याची विश्रांती संपलेली असते आणि तो निघतो. म्हणजे ज्याला विसाव्याची गरज सर्वांत जास्त, त्यालाच विसावा मिळत नाही. हे मला त्या दिवशी कळलं नाही.

शेवटची चढण मी एका दमात चढलो. तिकिटं काढली, सावलीत बसलो. पंधरा मिनिटं झाली, अर्धा तास झाला. कुणी येईना. तेव्हा आमच्याकडे मोबाईल नव्हता. मी उठलो आणि उतरायला लागलो. दोन वळणं गेली तरी रस्ता रिकामा. त्या वेळी पोटात जो गोळा आला, तो आजही आठवतो.

तिसऱ्या वळणाच्या पुढे ते तिघं दिसले. एका झाडाखाली वारली बाई टोपलीत काकड्या आणि चिंचा घेऊन बसली होती. तिच्या शेजारी माझी अम्मा पाय पसरून बसली होती. मुलीच्या दोन्ही टाचांना फोड आले होते, ती रडून रडून थकली होती आणि मीठ लावलेली काकडी खात होती. बाटली केव्हाच रिकामी झाली होती. त्या बाईनं आपल्या जवळचं पाणी त्यांना दिलं होतं. मी काही बोलायच्या आत तीच मला म्हणाली, "पुढं पलून काय करतोस भाऊ? गुंफा काय पलून जात नाय."

अम्मा मला रागावली नाही. ती एवढंच म्हणाली, "आज राहू दे बेटा. पुन्हा येऊ." आम्ही वरून उतरणाऱ्या बसला हात केला आणि परतलो. ते 'पुन्हा' काही आलं नाही. आज पाऊस, उद्या पाहुणे, परवा तिचे गुडघे. २००६ साली अम्मा गेली. दगडातली घरं तिनं पाहिली नाहीत. मी मात्र त्या दिवशी वर पोहोचलो होतो.

यानंतर मी त्या जंगलात अनेकदा गेलो, पण एकटा किंवा मित्रांबरोबर. घरच्यांना नेलं नाही. मग २०२४ साली, सप्टेंबर सरता सरता, माझी मुलगीच म्हणाली, "अब्बा, यंदा कारवी फुललीय. सगळे जाऊ." तिचा मुलगा सहा वर्षांचा. माझ्या बायकोचा उजवा गुडघा आता दुखतो. मी आढेवेढे घेतले. तेव्हा मुलगी म्हणाली, "जाऊ. फक्त या वेळी तुम्ही सगळ्यांत मागे चालायचं."

तिला त्या दिवसातलं बाकी काही फारसं आठवत नव्हतं. काकडी आठवत होती आणि अब्बा पुढे निघून गेले हे आठवत होतं.

तर श्रोतेहो, कुटुंबाला घेऊन जंगलात चालायचा पहिला नियम हाच. सगळ्यांत हळू जो चालतो, त्याच्या चालीनं सगळ्यांनी चालायचं. ज्याला वाट माहीत आहे असा एक मोठा माणूस पुढे, एक मोठा माणूस सर्वांत मागे आणि मुलं मध्ये. मागच्या माणसाच्या मागे कुणी नाही, याची सगळ्यांना खात्री असली की निम्मी काळजी संपते. पुढचा थांबला तर शेवटचा माणूस पोहोचून त्याचा श्वास लागेपर्यंत थांबायचं. पाणी पिऊन झालं, बुटात गेलेला खडा काढून झाला, की मग निघायचं आणि 'निघू या' हे शेवटच्या माणसानं म्हणायचं.

दुसरी गोष्ट वेळेची. आम्ही फजरची नमाज झाल्यावर लगेच घर सोडलं. सकाळचं ऊन कोवळं असतं, पक्षी बोलत असतात आणि गर्दी व्हायच्या आत तुमचं चालणं झालेलं असतं. सोमवारी उद्यान बंद असतं, तेवढं ध्यानात ठेवा. त्या दिवशी आम्ही डांबरी सडकेवर पाय मोडले नाहीत. लेण्यांच्या पायथ्यापर्यंत बसनं गेलो आणि पायांची ताकद डोंगरासाठी राखून ठेवली. बायको माझ्याकडे बघून हसली. एकवीस वर्षांनी तिचं म्हणणं मान्य झालं होतं.

कान्हेरीचा डोंगर हा घरच्या मंडळींसाठी फार चांगला. काळ्या पाषाणात शंभराहून अधिक लेणी आहेत आणि एका लेण्यापासून दुसऱ्याकडे जायला खडकातच खोदलेल्या पायऱ्या आहेत. त्यामुळे वाट चुकत नाही आणि दर पन्नास पावलांवर बसायला सावली मिळते. इसवी सनाच्या सुरुवातीच्या सुमारास इथं बौद्ध भिक्खू राहू लागले आणि जवळजवळ हजार वर्षं राहिले. तिसऱ्या क्रमांकाचा चैत्य गौतमीपुत्र यज्ञ सातकर्णीच्या काळातला, म्हणजे दुसऱ्या शतकातला. त्याच्या पडवीत दोन्ही बाजूंना बुद्धाच्या उभ्या मूर्ती आहेत, सुमारे सात मीटर उंच. माझा नातू त्यांच्या पायांशी उभा राहिला, मान वर केली आणि हळूच म्हणाला, "नाना, हे किती शांत उभे आहेत." सहा वर्षांच्या मुलाला शांत करायला आम्हाला घरात किती बोलावं लागतं!

मुलांना लेण्यांत काय दाखवावं? सनावळ्या नकोत, पाणी दाखवा. इथं जवळजवळ प्रत्येक विहाराला आपली पोढी आहे, म्हणजे कातळात खोदलेलं टाकं. पावसाचं पाणी वाहून टाक्यात यावं म्हणून खडकावर पन्हाळी कोरल्या आहेत. नातवानं एका पन्हाळीवर बोट ठेवलं आणि तिच्या मागोमाग चालत टाक्यापर्यंत पोहोचला. भर पावसाच्या या डोंगरावर उन्हाळ्यात पाणी राहत नाही, हे त्या भिक्खूंना ठाऊक होतं. आणि हे आजही खरं आहे. याच जंगलात विहार तलाव १८६० साली बांधून झाला आणि तुळशी १८७९ साली. मुंबईला नळाचं पाणी मिळू लागलं ते विहारपासून. मोठमोठी धरणं नंतर झाली, तरी ही दोन तळी अजून शहराला पाणी देतात. म्हणजे ज्या बाटलीतून आपण डोंगरावर पाणी पितो, त्यातला एखादा घोट याच डोंगराचा असू शकतो. पोराला हे सांगितलं तर त्यानं झाकण घट्ट लावलं. एक थेंब सांडू दिला नाही.

गुडघ्याचं निमित्त करून आम्ही पाच वेळा थांबलो. प्रत्येक थांब्यावर काहीतरी दिसलं. एका ठिकाणी दोन झाडांच्या मध्ये एवढं मोठं कोळ्याचं जाळं, हाताच्या पंजाएवढा कोळी मधोमध. एका ठिकाणी कांडोळाचं झाड. त्याची साल सोलून निघते आणि खालचं खोड पांढरंफटक दिसतं. रात्री चांदण्यात ते भुतासारखं उभं असतं, असं सांगितल्यावर नातू आजीच्या पदराला बिलगला आणि मग पाच मिनिटं तेच झाड मागे वळून बघत राहिला. भराभर चढलो असतो तर यातलं काही दिसलं नसतं.

नव्वदाव्या क्रमांकाच्या लेण्याजवळ आम्ही दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी खाल्ली. खाल्ल्यावर नातवानं खिशातून खडू काढला. त्याला भिंतीवर आपलं नाव लिहायचं होतं. त्याच्या आईनं डोळे वटारले. मी त्याला जवळ घेतलं आणि म्हटलं, इथं आधीच कुणीतरी नावं लिहिली आहेत. या लेण्यात पहलवी लिपीतले लेख आहेत. १००९ आणि १०२१ साली इराणी वंशाची काही माणसं हे स्थळ बघायला आली होती. त्यांनी आपापली नावं, बापाच्या नावांसकट, इथं कोरून ठेवली आहेत. तेव्हाही हे लोक आपल्यासारखे पाहुणेच होते. "मग मी का नको?" असं त्यानं विचारलं. मी म्हटलं, "कारण ते चारचौघे आले होते आणि आता दर रविवारी हजारो येतात. सगळ्यांनी लिहिलं तर बुद्धाला बसायला जागा राहणार नाही." ते त्याला पटलं. खडू खिशात गेला. थोड्या वेळानं त्यानं विचारलं, "नाना, त्या लोकांत सगळ्यांत मागे कोण चालत होतं?"

तेवढं लेखात लिहिलेलं नाही, असं मी म्हणालो. मला अम्मा आठवली.

डोंगराच्या अगदी माथ्यावर आम्ही गेलो नाही. बायको म्हणाली, "तुम्ही जाऊन या, मी बसते." बरोब्बर हेच शब्द असे असतात की ते ऐकल्यावर माणसानं उठू नये. मी म्हटलं, माथा काय पळून जात नाही. आम्ही सगळे तिथूनच फिरलो. घरातल्या मंडळींबरोबर चालताना माथा गाठणं हा हिशेब नसतोच. मी एक साधा ठोकताळा ठेवला आहे. पाण्याची बाटली अर्धी झाली की वाट कितीही सुंदर असो, मागे फिरायचं. उरलेलं पाणी आणि उरलेली ताकद परतीसाठी.

आणि कारवी? उतरताना उतारावर ती दिसली. जांभळट निळी, जणू डोंगरानं शाल पांघरली होती. कारवीचं झुडूप सात वर्षं नुसतं वाढतं. आठव्या वर्षी डोंगरावरची सगळी झुडपं एकदम फुलतात, बी धरतात आणि वाळून जातात. या जंगलात ती २००८ला फुलली, २०१६ला फुलली आणि २०२४ला फुलली. तिच्या सरळ काठ्यांचा कूड करतात, त्यावर माती आणि शेण लिंपतात आणि वारल्यांची पांढरी चित्रं अशाच भिंतींवर उमटतात. या उद्यानाच्या आत आदिवासींचे पाडे आहेत. आपण ज्या वाटेला सहल म्हणतो, ती कुणाची तरी बाजाराला जायची, शाळेला जायची वाट आहे. म्हणून पाड्यावरून जाताना घरात डोकावू नये, विचारल्याशिवाय फोटो काढू नये आणि टोपली घेऊन बसलेल्या बाईशी दोन रुपयांसाठी घासाघीस करू नये. आम्ही त्या दिवशी काकड्या घेतल्या. बायकोनं सुट्टे पैसे परत मागितले नाहीत.

आता थोडं बिबट्याबद्दल, कारण आई-वडील तेच आधी विचारतात. २०१५ साली कॅमेरे लावून केलेल्या मोजणीत या परिसरात किमान ३५ बिबटे आढळले होते. म्हणजे बिबटे आहेत, ते त्यांचंच घर आहे. पण बिबट्या माणसाला टाळतो आणि त्याचा वावर मुख्यतः संध्याकाळनंतरचा. तेव्हा दिवस मावळायच्या खूप आधी बाहेर पडा. लहान मुलाला एकटं मागे किंवा पुढे सोडू नका. दिसलाच तर पळू नका, खाली वाकू नका, मुलाला उचलून घ्या आणि सगळे एकत्र राहून हळूहळू मागे सरका. माकडांना खायला देऊ नका. एकदा सवय लागली की ती पुढच्या मुलाच्या हातातला डबा ओढतात. पावसाळ्यात ओढ्यात उतरू नका. इथं ऊन असलं तरी वर डोंगरात पाऊस पडत असतो आणि पाणी बघता बघता चढतं. शिलोंड्यासारख्या आतल्या वाटा फार सुंदर आहेत, दहिसर नदीच्या काठाकाठानं जातात, पण तिथं वनविभागाची परवानगी आणि वाटाड्या घेऊनच जायचं. ज्यांना अगदी लहान मुलं किंवा फार वृद्ध माणसं न्यायची आहेत, त्यांनी आधी फाटकाजवळच्या सपाट रस्त्यावर तासभर चालावं. तेही जंगलच आहे. तिथंही तांबटाची टुकटुक ऐकू येते. ती ऐकायची तर मोबाईलवरची गाणी मात्र बंद हवीत.

एक गोष्ट अजून सांगतो. घरात आपण एकमेकांच्या समोरासमोर बसतो, तेव्हा बोलायला अवघड जातं. डोळ्यांत डोळे असले की शब्द अडतात. वाटेवर चालताना माणसं एकमेकांच्या मागे-पुढे असतात, नजर पायांखालच्या दगडावर असते. अशा वेळी आत राहिलेलं बोलणं सहज बाहेर येतं. उतरताना मुलगी माझ्या पुढेच होती. मागे न बघता ती म्हणाली, "अब्बा, दादीला आपण बसनं आणायला हवं होतं."

मी म्हटलं, "हो बेटा. आणायला हवं होतं."

तेवढंच. इतकी वर्षं हे आम्ही घरात कधी बोललो नव्हतो. पायऱ्या उतरताना बोललो. तिनं हात मागे केला, मी तो धरला. उतारावर मला आधाराची तशी गरज नव्हती, पण धरला.

श्रोतेहो, तुमच्या घरातही एखादी अम्मा असेल, आई असेल, आजोबा असतील. त्यांनी कधीतरी म्हटलं असेल, ते एकदा दाखव. त्यांना 'पुन्हा कधीतरी' म्हणू नका. येत्या रविवारी न्या. बसनं न्या, रिक्षानं न्या, शंभर पावलं चालवा आणि शंभर पावलांवर बसवा. आणि तुम्ही मागे चाला.

आता कारवी फुलेल ती २०३२ साली. माझा नातू तेव्हा चौदा वर्षांचा असेल आणि त्याच्या पायांत भलतीच रग असेल. माझी साठी उलटलेली असेल, गुडघ्यांचं सांगता येत नाही. पण त्याला आत्तापासूनच सांगून ठेवलंय. पुढे गेलास तर जा, पण वळणावर थांब. आणि मी पोहोचलो की लगेच निघू नकोस.